यम्माचं दार

मी कुडाळकडचा, मेस्त्री. बाबा सुतार, आजा सुतार. हयसर कुवेतात आलो तो एक्झिबिशनचे स्टॉल बनवणाऱ्या कंपनीत, रिग्गई भागात आम्ही गाववाले एका खोलीत राहतो. स्टॉल म्हंजे काय ओ, आज ठोकायचा, उद्या मोडायचा.

मगे एकदा मरियम मॅडम आली. कुवेतीच, पण काळी, तिचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम करून आणलेले. ती म्हणाली, मेस्त्री, प्रदर्शनासाठी माझ्या आजीची गल्ली बनवायची. ती गल्ली कधीच पाडली ओ, तिथे आता पार्किंग आहे. आमच्याच लोकांची वस्ती ती, म्हणाली, ढोल वाजवणारी, गाणारी, आणि प्रत्येक दाराबाहेर बाक, तिथे कोणीही येऊन बसायचा.

तिने त्या गल्लीतली म्हातारी माणसं वर्कशॉपमध्ये आणली. काय सांगू तुम्हाला, भांडायची ती! एक म्हणायचा दार निळं, दुसरा म्हणायचा तुला काय आठवतं, हिरवं. मी रंगवायचो, खरवडायचो, परत रंगवायचो. कंटाळा नाही आला, खरंच नाही.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये दारं उभी राहिली, बाक लागले. आणि उद्घाटनाच्या दिवशी हॉलच्या मॅनेजरने सगळ्याला दोरी लावली. कलाकृती आहे, हात लावायचा नाही. मॅडम म्हणाली, अहो, बसायलाच केलंय. तो ऐकेना. मॅडमच्या डोळ्यांत पाणी.

तेवढ्यात मॅडमची आजी आली, काठी टेकत. सगळे तिला यम्मा म्हणतात, यम्मा म्हंजे आई. तिने आपलं दार बघितलं, बराच वेळ बघितलं. मगे काठीनेच दोरी उचलली, खालून वाकून गेली नि आपल्या बाकावर बसली. मॅनेजर धावला. यम्मा त्याला म्हणाली, ये बाळा, बस, उभा का? बसला बिचारा. मगे बाकीची म्हातारी माणसं शिरली, कोणी ढोल काढला, दोरी कुठे गेली ते कोणी बघितलंच नाही.

मी कोपऱ्यात हत्यारं गोळा करत होतो. यम्माने मलाही हाक मारली, बाजूची जागा थोपटली. एवढी वर्षं कुवेतात काढली, पण कोणाच्या दारात बसलो नव्हतो ओ.

प्रदर्शन संपलं तेव्हा मोडायची ऑर्डर आली. म्हातारी माणसं नगरपालिकेत जाऊन बसली, उठेचनात. शेवटी नगरपालिकेने दारं नि बाक एका बागेत हलवायला परवानगी दिली, मीच बसवले. शुक्रवारी मी जातो तिकडे. बंगाली असतात, फिलिपिनो बायका असतात, कुवेती पोरं असतात, मला बसायला जागा मिळत नाही. उभा राहतो जरा, घरी येतो. बाक असेच भरलेले राहू देत रे देवा.