रिंगणातली कपाशी

आमची घोडी घरात राहिली ती कुणामुळे, ते ऐका. माझे मालक वारले आणि घोडी फिरवायचं रिंगण गवताने बुजून गेलं. मुलगा म्हणाला, रविवारपर्यंत साफ झालं तर घोडी ठेवू, नाही तर विकून टाकू. नात रडायला लागली. तिला त्याच घोडीवर बसायला शिकायचं होतं.

मी निंदणीच्या चार बाया बोलावल्या. त्यांनी गाजरगवत, बाभळी, सगळं काढलं. पण सांडलेल्या सरकीतून मधोमध उगवलेली कपाशीची झाडं तशीच ठेवली. मी त्यांच्यातल्या सुरजीला विचारलं,

"सुरजी, ही का ठेवली गं?"

"माय, कपाशी कशी उपटानी? हात उठत नही."

तेवढ्यात मुलगा आला. "आई, हाई साफ शे का?"

सुरजी त्याला म्हणाली, "भाऊ, मंग तूच उपटी टाक."

तो तावातावाने वाकला, झाड धरलं, तर हाताला बोंडं लागली. शेतकऱ्याचाच हात तो, जागीच थांबला. मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "ऱ्हाऊ दे. घोडी वळसा घाली लेई."

काम अर्धवट ठेवलं म्हणून मी कुणाला हात जोडले असतील, तर त्या चौघींनाच.