शंभर पोरांची आई

हसू नका, पण मी एकेकाळी शंभर पोरांची आई होते. मालवणात आमच्या वाडीवर दर महिन्याला जन्ममृत्यूच्या पाहणीचे मास्तर यायचे आणि विचारायचे, “बाळ आहे ना?” माझं बाळ अशक्त. तो प्रश्न ऐकला की मी त्याला पदराखाली घ्यायचे.

एकदा चिडून म्हटलं, “आमचंच घर सापडतं का तुम्हाला?”

“वहिनी, लहान वाड्यांतली थोडीच घरं निवडलीत. तुमच्या एका घरावरून शंभर घरांचा अंदाज बांधतात.”

झालं! मला एक धड सांभाळता येईना, त्यात आणखी नव्याण्णव! बाळ शिंकलं की वाटायचं, अख्खी किनारपट्टी शिंकली.

वर्षभराने मास्तर अंगणात शिरतात तोच सासूबाई ओरडल्या, “मास्तरानू, आधी लिवन घेवा! आमची शंभर पोरां चलूक लागली!”