बिनचुलीची पंगत

हसू नका, पण सोनईत मी खरोखरच सहभोजन घडवलं होतं. कॉलेज संपवून नुकताच गावी परतलो होतो आणि जात मोडायला मला एक दिवसही थांबायचं नव्हतं. सरपणाची खटपट नको, म्हणून चूल न पेटवताच जेवायचं ठरवलं. शेतकऱ्याघरची सखूबाई आम्हा ब्राह्मणांच्या शेजारी राहायची. तिने मारुतीच्या पारावर बसून काकडी, गाजर, टोमॅटो चिरले, दह्याचा घट्ट चक्का त्यात कालवला आणि वर डाळिंबाचे दाणे पसरले. परात नुसती रंगांनी भरून गेली!

आणि पंगतीला साक्षात आमचे भिक्षुक गुरुजी येऊन बसले. सखूबाईच्या हातचं त्यांनी दोनदा मागून घेतलं.

"गुरुजी, जात मोडलीत तुम्ही!" मी ओरडलोच.

"कसली जात?" गुरुजी शांतपणे म्हणाले. "चूल पेटली नाही, मीठही मी घेतलं नाही. हा फराळ झाला, आणि फराळाला विटाळ नसतो. भात असता तर मी आलोच नसतो."

मी हादरलो. मग भडकलो. "एक दिवस भातही खावा लागेल तुम्हाला!"

"माझं राहू दे. तुझी आई उद्या सखूला तुमच्या पंगतीत बसवून भात वाढेल?"

आजच्या पंगतीबद्दलसुद्धा मी आईला सांगितलं नव्हतं.

सखूबाईने पदराला हात पुसले. म्हणाली, "दादा, मग उद्या कवा येऊ मी?"