फळ्यावरची खरी चूक

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या शाळेचे आजचे मुख्याध्यापक. व्यासपीठावर विराजमान झालेले आपले चित्रकलेचे सर आणि विज्ञानाच्या बाई. व्यासपीठावर यायला साफ नकार देऊन पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या गणिताच्या बाई. आणि समोर बसलेल्या, केस पांढरे झालेल्या, काहींचे केस तर निरोप न घेताच निघून गेलेल्या माझ्या वर्गमित्रमैत्रिणींनो,

समारोपाचे दोन शब्द बोलायचं काम माझ्यावर सोपवण्यात आलं आहे. ज्या मुलीने शाळेच्या पाच वर्षांत आपणहून दोन शब्द उच्चारले नाहीत, तिला हे काम देण्यात कुणाचा तरी खोडसाळपणा आहे. तो कुणाचा, हे मला ठाऊक आहे. आपला काटकोन. ताठ बसायचा म्हणून काटकोन. आता शिवणकामाच्या मशीनवर वाकून वाकून त्याचा लघुकोन झाला आहे, पण खोडी गेलेली नाही. आणि माझं नाव अर्थातच मौनी. आज सकाळी फाटकातून आत आले तर तीन बाजूंनी "मौनी" अशी हाक आली. चौतीस वर्षांनी कुणी आपल्याला टोपणनावाने हाक मारतं तेव्हा काय वाटतं, हे मी सांगत बसत नाही. तुम्ही सगळ्यांनी आज ते अनुभवलं आहे.

आपण दहावीला बेचाळीस जण होतो. बावीस मुली, एकोणीस मुलगे. आपला वर्ग वरच्या मजल्यावर, जिना चढलं की उजवीकडे. आठवतो ना? त्या वर्गात गणिताच्या बाईंचा एक नेम होता. बाकीच्या शाळेला तो कधी कळला नाही. कळला असता तर बाईंना बोलणी बसली असती. अध्यक्ष महाराज, आपण कान झाकून घ्या.

बाई रोज फळ्यावर एक गणित सोडवायच्या आणि त्यात मुद्दाम एक चूक करायच्या. कुठे ते सांगायच्या नाहीत. ज्याला चूक सापडेल त्याने हात वर करायचा, उठून सांगायची, आणि बरोबर निघाली की तास संपेपर्यंत बाईंच्या खुर्चीत बसायचं. बाई उभ्या आणि आपण खुर्चीत! त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली असायची. पण तिच्यात बसलेल्याचा तोरा काय वर्णावा. काटकोन नऊ वेळा बसला. मागच्या बाकावरची, आज जी मोठ्या इस्पितळात परिचारिका आहे, ती अकरा वेळा.

मी एकदाही नाही.

आता खरं सांगते. मला चुका दिसायच्या. रोज नाही, पण बऱ्याचदा दिसायच्या. हात मात्र वर जायचा नाही. आपलंच चुकलं तर? सगळे हसले तर? इतका विचार होईस्तोवर काटकोन खुर्चीत जाऊन बसलेला असायचा. घरी आई विचारायची, आज काय शिकवलं? मी तिला चूक कुठे होती ते सांगायचे. आई म्हणायची, "मला सांगून काय उपयोग? मी काय खुर्ची देणार आहे का तुला?"

पुढे मी नोकरीला लागले. मी लिफ्ट तपासते. कागदोपत्री माझ्या हुद्द्याचं नाव इतकं लांब आहे की ते वाचून होईपर्यंत लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचते. दोर झिजलाय का, ब्रेक धरतोय का, दार अर्धवट उघडं असताना पाळणा, म्हणजे लिफ्टचा डबा, हलतोय का, हे पाहायचं आणि दिसलं की तोंड उघडायचं. समोर इमारतीचा मालक डोळे वटारून उभा असतो, तरी सांगायचं. या कामात मनातल्या मनात बरोबर असून भागत नाही. गप्प राहिलं तर माणसं खाली पडतात. बाई जे शिकवत होत्या ते मला तिथे कळलं, आणि दर वेळी वाटायचं, एकदा बाईंसमोर हात वर करायला हवा होता.

तर या मेळाव्याचं ठरलं तेव्हा आम्ही तिघं बाईंच्या घरी गेलो. काटकोन, परिचारिका आणि मी. दार बाईंच्या भाचीने उघडलं. तीच आता बाईंचं सगळं बघते. तिने आधीच हळू आवाजात सांगितलं की गेल्या वर्षी बाईंना झटका येऊन गेला, चालणं-बोलणं सुधारलं आहे, पण आकडे उलटेसुलटे होतात, आणि तेव्हापासून मावशी घराबाहेर पडलेली नाही.

बाईंनी आम्हाला ओळखलं. बिस्किटं पुढे केली. काटकोनाला पाठ सरळ करायला सांगितली. आणि आम्ही आमंत्रण दिलं, सकाळी एक तास घ्या म्हणालो, तर शांतपणे नाही म्हणाल्या. काटकोनाने सगळा गोडवा पणाला लावला, परिचारिकेने गाडी पाठवायची तयारी दाखवली. तेव्हा बाई जे बोलल्या ते मी त्यांच्याच शब्दांत सांगते, कारण तशी परवानगी मी आज दुपारी त्यांच्याकडून घेतली आहे. त्या म्हणाल्या, "आयुष्यभर खोट्या चुका केल्या. आता खऱ्या होतात, आणि माझ्या मला कळतही नाहीत. बेचाळीस जणांसमोर तो तमाशा कशाला?"

आम्ही उठलो. जिना उतरताना काटकोन मला म्हणाला, "तू एक अक्षर बोलली नाहीस." आणि खरंच बोलले नव्हते. पन्नाशीला आले, तरी बाईंसमोर तीच मौनी. मला स्वतःचा असा राग आला की तशीच उलटी फिरले, वर गेले, पुन्हा घंटी वाजवली आणि दारातच म्हणाले, "बाई, तुमच्या खुर्चीत मला एकदाही बसायला मिळालेलं नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग भाचीला विचारलं, "रविवारी तास किती वाजता आहे म्हणाले हे?"

आज सकाळी काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे. पण चित्रकलेचे सर आणि मुख्याध्यापक तेव्हा खाली होते, म्हणून सांगते. आम्ही त्याच वर्गात, त्याच बाकांवर, गुडघे मिटत नसताना कसेबसे बसलो. बाई आल्या. खडू घेतला. पाण्याची टाकी: लांबी नऊ मीटर, रुंदी सहा, उंची चार. नवाला सहाने गुणलं आणि लिहिलं पंचेचाळीस. पंचेचाळीस चोक एकशे ऐंशी. खाली उत्तर लिहिलं आणि बाई खुर्चीत बसून आमच्याकडे पाहू लागल्या.

मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांना दिसली होती. कुणी बुटांकडे पाहत होतं, कुणी चष्मा पुसत होतं. ही मुद्दाम केलेली की ती, झटक्यानंतरची? एवढाच प्रश्न, आणि तो विचारायची कुणाची छाती नव्हती. नऊ वेळा बसलेला काटकोनही खिडकीबाहेर बघत होता. आम्ही सगळे चांगुलपणाने गप्प होतो. आणि बाई वाट पाहत होत्या. मी जर त्या क्षणी गप्प राहिले असते, तर बाईंना जी भीती होती तीच आम्ही खरी करून दाखवली असती: आता यांची चूकसुद्धा कुणी काढत नाही.

मी हात वर केला. चौतीस वर्षांनी. उभी राहिले आणि म्हणाले, "बाई, नऊ सक चोपन्न."

बाई वळल्या. फळ्याकडे पाहत राहिल्या. दारात भाचीने पदर तोंडाला लावला. पंधराव्या मजल्यावर पाळण्याच्या डोक्यावर उभं राहणं यापेक्षा सोपं, हे मी कबूल करते.

मग बाई म्हणाल्या, "ही माझी नाही. माझी खाली आहे. चौरस मीटर लिहिलंय मी, घनमीटर हवं. ती एकालाही दिसली नाही?" आणि पुन्हा वर पाहिलं. "ही खरी झाली." आणि हसल्या. "पण पकडलीस. ये, बस."

बाई उठल्या आणि मी त्या खुर्चीत बसले. पुठ्ठ्याची घडी आजही आहे. पुढची चाळीस मिनिटं बाई उभ्या होत्या, टेबलाला एक हात टेकून, आणि फळ्यावर खऱ्या-खोट्या मिळून पाच चुका झाल्या, आणि पन्नाशीची माणसं "बाई, मी! बाई, मी!" करत बाकांवरून उठत होती. कोणती खरी आणि कोणती मुद्दाम, हे तिसऱ्या चुकीनंतर कुणी विचारलं नाही, बाईंनीही नाही. मी जिंकले, बाई. आणि तुम्हीही जिंकलात. असा दिवस मला नोकरीने दिला नाही, बढतीने दिला नाही.

आता आभार. शाळेने दारं उघडली, आपल्या वर्गातल्या बेकरीवाल्याने सकाळपासून सगळ्यांना खाऊ घातलं, भाचीने मावशीला सांभाळून आणलं, काटकोनाने ही खुर्ची खांद्यावर घेऊन व्यासपीठापर्यंत आणली आणि दिवसभर मला तिच्यात मिरवू दिलं. सगळ्यांची मी मनापासून ऋणी आहे.

बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणून खाली बसायचा रिवाज आहे. पण बाईंच्या वर्गात चूक पोटात घालायची पद्धत नव्हती. म्हणून या भाषणात मी मुद्दाम एक चूक ठेवली आहे. कुणाला दिसली?

बाई सोडून कुणालाच नाही? मी आपला वर्ग जिन्याच्या उजवीकडे म्हणाले, आणि तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. तो डावीकडे आहे. आज सकाळीच तिथे बसून आलात.

बाई, तुमचा हात अजून वर आहे. बोला ना. ध्वनिक्षेपक द्या रे बाईंना.

बाई म्हणतात, बेचाळीस बरोबर... मुली तेवीस. मी बावीस म्हणाले.

आणि म्हणतात, मी स्वतःला मोजायलाच विसरले.

बाई, ती माझी नव्हती. ती खरी होती. या, ही खुर्ची तुमची. मी उभी राहते.