फरशीची तहान

माझं माहेर शेवगावकडलं. बाप विहिरी खोदायचा, आई मातीच्या पाट्या उचलायची, आन मी त्या मातीच्या ढिगावरच रांगले. मग लगीन झालं ते कर्जत तालुक्यात, गवंड्याच्या घरात. बाप म्हनला, बरं झालं, पोरगी खड्ड्यातनं निघाली, आता भिंतीवर चढंल. चढले की! डोक्यावर घमेलं घेऊन परांचीवर चढले, काय सांगू तुमाला ताई, राजाची रानी हत्तीवर चढत नसंल अशी.

आमचे मालक हाताचे लई गुनी. पन आमच्याकडं कोरडा मुलूख, पानीच टँकरनं यायचं, तिथं बंगले कोन बांधनार? म्हनून मालक राहुरीकडं जायचे. तिकडं धरनाचं पानी, ऊस, नवी नवी घरं उठत हुती. वळकटी काखेत मारायची, एस.टी.त बसायचं, की महिना महिना तोंड दिसायचं न्हाई. घरात मी आन सासूबाई. आत्याबाई म्हनायचे मी त्यांना. दोघी एकमेकींची तोंडं बघायचो, आन आत्याबाईचं तोंड, देव त्यांना सुखात ठेवो, बघन्यासारखं नव्हतं.

सैपाकघराची भिंत म्हनाल तर तव्याची बहीन. दिवाळीला चुना लावावा, संक्रांतीला काळी. फोडनी उडायची ती तिथंच बसायची. फडक्यानं पुसायला जावं तर चुना निघायचा, काळं मातुर तसंच.

एक डाव मालक राहुरीवरनं आले ते पोत्यात काय तरी खळखळ वाजवीत. सोडलं तर स्टाईलची फरशी! तवा आमच्याकडं टाईल्सला स्टाईलच म्हनायचे. पांढरीशुभ्र, दुधाच्या सायीवानी. बंगलेवाल्याकडं उरली हुती, त्यानंच दिली. मालक म्हनले, सुमन, वट्याच्या मागं ही लावतो. वाडीतली मानसं बघतील, गुरुजी बघतील, डॉक्टर बघतील, हितंच कामं मिळत्याल. मग राहुरी बंद.

राहुरी बंद! ताई, मला त्या फरशीत मालकच दिसाया लागले.

भिंतीला शिमिटाचा गिलावा करून थापीनं रेघोट्या मारून ठेवल्या. आता फरशी पान्यात भिजवायची. मी हंडा उचलला तशी आत्याबाई रांजनाच्या पुढं पाय पसरून बसल्या. म्हनल्या, गिलाव्याला दिलं तेवढं लई झालं. तिसऱ्या दिसाला टँकर येतो, भांडनं करून पानी आनायचं, आन ते भिताडाला पाजायचं? माझ्या मढ्याला आंघोळ घालायला तरी ठेवा. आता आमचे मालक तिसऱ्या मजल्यावर फळीवर उभं राहून विडी वढनारे, पन आईपुढं त्यांची मांजर व्हायची. ओल्या फडक्यानं फरशी पुसली आन दिली लावून. मला हळूच म्हनले, चालतंय.

चाललं की, एक रात. सकाळी मी भाकरी थापतीय, शेजारची गंगू बघायला आलेली, कमरंवर हात ठेवून म्हनतीय, बाई बाई, काय भिंत झालीय! तिचं म्हननं संपायचं हुतं तवर फटाक! वरची एक फरशी सुटली ती सरळ काठवटीत, माझ्या पिठावर. मी आपली बघतीय, ही भाकरी कुनी थापली? मग दुसरी. मग रांगच सुटली. गंगू पदर तोंडाला लावून पळाली, आन दुपारपातूर वाडीभर झालं, गवंड्याच्या घरची भिंत भाकरी थापतीय.

मालक भुईला बसले. म्हनले, आता कोन काम देनार मला हितं? मागचं शिमिट भुकटीवानी झालेलं, कोरड्या फरशीनं त्यातलं पानीच वढून घेतलेलं. फुटक्या बाजूला काढल्या, उरल्या त्या जेमतेम स्टोमागं पुरतील येवढ्या. म्हनले, हे बी पडलं तर चुना लावतो आन जातो राहुरीला, पुन्यांदा नाव काढायचं न्हाई.

मी काय केलं, माझ्या पेल्यातलं प्यायचं पानी घेतलं, एक फरशी उपडी धरली आन आत्याबाईच्या मांडीशी जाऊन बसले. म्हनलं, तुमचं पानी न्हाई हे, माझ्या वाटचं हाय, मी तहानलेली राहीन. त्या म्हनल्या, नाटकं करू नको, भवाने. मी फरशीच्या पाठीवर पानी वतलं. चर्र... पानी गडप! म्हनलं, कान लावा. त्यांनी कान लावला. आतनं बारीक सुसू आवाज, जनू कुनी व्हट न उचलता पितंय. त्यांचे डोळे मोठे झाले. म्हनल्या, अजून वत. वतलं. तेबी गडप. अगं बया, म्हनल्या, ही तर तान्ह्या वासरावानी पितीय.

मग उठल्या, ताई. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आन रांजनाचं झाकन सोताच्या हातानं काढलं. म्हनल्या, माझ्या दारातनं भिकारी तहानलेला गेला न्हाई, कुत्रं गेलं न्हाई, ही तर घरात आलेली.

घमेल्यात फरश्या बुडवल्या तसे बुडबुडे निघाले. मोत्याच्या माळा, एकीमागं एक, न थांबता. दगडावानी वस्तू आन आत येवढा जीव? आमी तिघं त्या घमेल्याभवती बसलो. मालकांनी राहुरीत ढिगानं भिजवल्या असतील, पन ते बी म्हनले, मी असं कधी बघितलंच न्हाई गं. बुडबुडे थांबले तवा आत्याबाई म्हनल्या, भरलं पोट, काढ. उरलेलं पानी शिमिटात कालवलं, थेंब सांडू दिला न्हाई.

मग रोज सकाळी तोंड धुतलं की आत्याबाई ओंजळीनं भिंतीवर पानी मारायच्या. चार दिस स्टो पेटवू दिला न्हाई. पाचव्या दिशी पेटवला, ठेच्याची फोडनी टाकली, तेल उडालं, मी फडकं फिरवलं आन भिंत पुन्यांदा पांढरी! आन आत त्या भिंतीत दुसरा जाळ, निळा, हलता. आत्याबाई हात जोडून म्हनल्या, सुमन, आपल्या घरात दोन चुली पेटल्या गं.

गंगू आली, बोटांनी ठोकून ठोकून बघितलं. मी म्हनलं, डोकं आपटून बघ. भिंत हलली न्हाई. मग गुरुजींची बायको आली, तिनं मालकांना बोलवलं, तिच्यामागनं डॉक्टरीनबाई, आन राहुरीची वळकटी माळ्यावर गेली ती गेलीच.

आत्याबाई गेल्या परवाच्या साली. आता सून आलीय, तिला फुलाफुलाची फरशी पायजे. मालकांनी परवा छन्नी लावली. टवका निघाला, बाजूचा गिलावा निघाला, फरशी काय सुटंना. घाम पुसत म्हनले, पोरी, ही माझ्याच्यानं न्हाई निघायची. आन हसले असे की सून बी हसाया लागली. तिची फुलं मोरीला लावली.

मालक रोज सांजच्याला घरी येत्यात, वट्याजवळ जेवाय बसत्यात, आन मीठ जास्ती झालं म्हनून भांडत्यात. रोज, ताई, एक दिस खाडा न्हाई. भांडू द्या. सांजच्याला घरी येऊन भांडनारं मानूस देव तुमाला बी देवो.