जुन्या कापडाच्या बदल्यात

निवेस : कॅमेरा आधी पिशवीत ठेव. आणि खुर्ची ओढू नकोस, बसायला अजून कुणी सांगितलेलं नाही.

कोस्तान्सा : फोटो नाही काढणार, सिन्योरा. मी फक्त ऐकायला आलेय. माल्व्होल्ती आगगाडी कारखान्याला शंभर वर्षं होतायत, त्याचा इतिहास लिहितेय.

निवेस : पगार कोण देतं?

कोस्तान्सा : कारखानाच.

निवेस : वा! पुढच्या महिन्यात खटल्याची तारीख, आणि शंभर वर्षं नेमकी आत्ताच भरली.

कोस्तान्सा : कुठला खटला?

निवेस : सोंग छान जमतं हं तुला. माझ्या लेकीचा, लोरेत्ताचा. पार्माच्या दवाखान्यात पडलीय, फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. कारखाना म्हणतो, ही आमच्याकडे कधी कामालाच नव्हती, मग आमचा काय संबंध? घे, लिही. घोड्यांच्या ट्रामपासून सुरुवात केली असशील?

कोस्तान्सा : हो. मग लाकडी डबे, युद्धातले बॉम्ब, अर्जेंटिनाला गेलेल्या गाड्या...

निवेस : आणि एकोणीसशे साठच्या पुढे?

कोस्तान्सा : ‘शांत गाड्या’. आत खडखडाट ऐकू न येणारे डबे.

निवेस : का नव्हता येत ऐकू? माझा नवरा, अन्सेल्मो, डब्याच्या आतल्या पत्र्यावर अ‍ॅस्बेस्टॉस फवारायचा. त्या खात्याला सगळं गाव बेकरी म्हणायचं. माणसं पिठात लोळल्यासारखी बाहेर यायची. आम्ही हसायचो, मेलं!

कोस्तान्सा : हेच मला पुस्तकात हवंय. आणखी एक विचारू? तिथलं अ‍ॅस्बेस्टॉसचं जाड पांढरं कापड कामगार घरी आणायचे ना? इस्त्रीच्या फळीवर घालायला. जळत नाही म्हणून.

निवेस : हे कुणी सांगितलं तुला?

कोस्तान्सा : जुन्या कामगारांच्या घरी गेले, तिथे सगळ्यांनीच. आर्जेलियाबाईंकडे तर मी पाहिलं. पुन्हा फोटोसाठी गेले, तर फळीवर कोरं कापड, आगगाडीचं चित्र छापलेलं. कारखान्याचा माणूस शताब्दीची भेट म्हणून देऊन गेला आणि जुनं घेऊन गेला. कोपेल्लींकडेही तेच.

निवेस : तू गेल्यावर आला?

कोस्तान्सा : दुसऱ्या दिवशी.

निवेस : मग त्याला बरोबर घरं कशी सापडतात, पोरी?

कोस्तान्सा : मी... मी रोज ऑफिसला फोनवर सांगते. कुणाकडे गेले, काय दिसलं.

निवेस : शिकलेली आहेस ना तू?

कोस्तान्सा : देवाशपथ, मला वाटलं, आस्थेनं विचारतात.

निवेस : शपथा नकोत. इथे काय दिसलं ते बोल.

कोस्तान्सा : खिडकीपाशी फळी आहे. वर तेच कापड आहे. लोरेत्ता त्यावरच इस्त्री करायची?

निवेस : लहानपणापासून. हात पोचायचा नाही, तर स्टुलावर उभी राहून. घरातले सगळे शर्ट तिचेच. आणि कारखाना कोर्टात सांगतो, असलं कापड आमच्या फाटकाबाहेर कधी गेलंच नाही. शुक्रवारी कोर्टाचा माणूस येऊन हे नेणार आहे. तोवर ते या घरात राहायला हवं.

कोस्तान्सा : मग हलवताना झटकू नका. ओलं करून जाड प्लास्टिकमध्ये...

निवेस : वकीलबाईनं शिकवलंय मला.

(फोन वाजतो.)

निवेस : ऑफिस?

कोस्तान्सा : हो.

निवेस : घे. इथेच, माझ्यासमोर.

कोस्तान्सा : हॅलो... हो, बोन्दाव्हाल्लींकडेच. म्हातारी फार विक्षिप्त आहे, दारातूनच परत पाठवलं... नाही, आत गेलेच नाही. काही नाही दिसलं... छे, भेट पाठवू नका, अंगावर धावून येईल.

निवेस : विक्षिप्त?

कोस्तान्सा : त्यांना खरं वाटायला हवं होतं.

निवेस : खोटं सफाईनं बोलतेस.

कोस्तान्सा : तुमच्यासाठी बोलले, सिन्योरा. आणि तो माणूस तरीही आला तर? शुक्रवारपर्यंत कुठे ठेवाल ते?

निवेस : ते तुला नाही सांगणार. कॉफी घे.