मी न ऐकलेला सूर

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय जयवंतराव, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आपल्या संगीत मंडळाचे चिटणीस गणपतराव, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते सतारवादक सुभानराव, पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी येसूबाई, आणि बंधुभगिनींनो,

माझ्याआधी पाच वक्ते बोलले. पाचही जणांचे बोलणे माझ्यापेक्षा गोड होते. मला फक्त सुभानरावांच्या वाद्याविषयी बोलायला सांगितले आहे, आणि मी तेवढेच बोलणार आहे. ते वाद्य काय सांगते ते कोणी विचारले नव्हते, म्हणून थोडा वेळ अधिक लागेल.

मला ओळखत नसतील त्यांच्यासाठी सांगते. इथेच बडोद्यात, रावपुऱ्यात, आमचा वाद्ये दुरुस्त करण्याचा कारखाना आहे. वडिलांकडून मी जवारी शिकले आणि कॉलेजात पदार्थविज्ञान. वडिलांचे स्नेही त्यांना म्हणत, मुलीला बी.एस्सी. केलीत आणि हाडे घासायला बसवलीत. ते खरे आहे. सतारीची तार ज्या हाडाच्या पट्टीवरून जाते तिला घोडी म्हणतात. त्या घोडीचा माथा कानशीने केसभर उतरवला की तारेचा आवाज खुलतो. हीच जवारी. जास्त घासले तर आवाज फाटतो, आणि घासलेले हाड परत भरता येत नाही. या धंद्यात माणूस जपून बोलायला शिकतो.

सुभानरावांची सतार बारा वर्षे आमच्याकडे येते आहे. प्रत्येक खेपेची तारीख वहीत आहे. पूर्वी त्यांची जवारी आठ-नऊ महिने टिकत असे. या मंडळात त्यांनी वसंतपंचमीला सकाळचे राग वाजवले, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या वर्षी ते दोनदाच आले. येताना करजणहून कोणीतरी आणलेल्या बोरांची पुडी घेऊन आले, बसून गप्पा मारल्या, माझ्या हार्मोनियमच्या गिऱ्हाइकांची नक्कल केली, आणि "बाई, तुमची कानस माझ्या सासूबाईंच्या जिभेपेक्षा बरी, मोजून तरी कापते," असे म्हणून गेले. येसूबाई हसताहेत. त्यांनी हे माझ्या आधी ऐकले असणार.

या भाद्रपदापासून दोनच महिन्यांत ते सहा वेळा आले.

त्यांचे म्हणणे असे होते, की तार थांबल्यावर एक सूर मागे उरतो. कोमल आणि शुद्ध गांधाराच्या मधला. तो कुठून येतो ते शोधून द्या. माझा पहिला तर्क तरफांवर गेला. सतारीत मुख्य तारांखाली बारीक तारा असतात, त्या न छेडता झंकारतात. मी सगळ्या तरफा उतरवल्या. ते म्हणाले, अजून आहे. मी भोपळ्यावर घोंगडी गुंडाळली. अजून आहे. शेवटी सतार आतल्या खोलीत नेऊन ठेवली, दार लावले, आणि आम्ही दोघे बाहेरच्या बाकावर बसलो. त्यांनी मान किंचित कलती केली आणि मला म्हणाले, "आता तर जास्तच स्पष्ट. तुमचे कान कॉलेजात ठेवून आलात काय?"

तेव्हा मला कळायला हवे होते. दुरुस्तीचा विषय तिथेच संपला होता. पण ज्याच्या हातात कानस असते त्याला प्रत्येक तक्रार हाडातच दिसते. मी आणखी दोनदा जवारी केली.

सहाव्या खेपेला ते दुपारी आले. दोन दिवस झोपलेले नव्हते. तर्जनीवर तारेने पडलेली चीर उघडी होती. ते मला विचारत राहिले, ऐकू येतो ना, ऐकू येतो ना. दुकानात दोन गिऱ्हाइके ताटकळत होती. मी म्हटले, "हो. बारीक आहे, पण आहे."

ते खोटे होते. मला काहीही ऐकू आले नव्हते. त्यांनी घरी जावे आणि झोपावे, एवढाच माझा हेतू होता. ते झोपायला गेले नाहीत. तिथून ते सरळ गणपतरावांकडे गेले.

यानंतरचे आपण जाणता. चारच दिवसांनी मंडळाने ठराव केला. सुभानरावांना एक अश्रुत स्वर प्रकट झाला आहे, त्याची परीक्षा यंत्रविद्या शिकलेल्या दुर्गाबाईंनी, म्हणजे मी, केली आहे, तो सिद्ध करण्यासाठी सुभानरावांनी चिल्ला करावा आणि जानेवारीतल्या हीरक महोत्सवात तो स्वर बडोद्याला ऐकवावा. मी गणपतरावांना भेटून सांगितले, की मी तसे म्हटले खरे, पण ते तसे नाही. ते हसले. म्हणाले, "दुर्गाबेन, तुम्ही वरणातलं मीठसुद्धा मोजून घालता. तुम्ही हो म्हणालात तिथे विषय संपला. आता विनय पुरे." माझी उभ्या आयुष्यातली एक अचूक नसलेली गोष्ट तेवढी लोकांनी अचूक म्हणून धरली.

चिल्ला म्हणजे काय, हे इथल्या तरुण मंडळींसाठी सांगते. चाळीस दिवस एका खोलीत वाद्य आणि आपण. कोणाशी बोलायचे नाही, कोणाला भेटायचे नाही. ताट दाराच्या फटीतून आत सरकवतात. मंडळाने चांदोदला, नर्मदेच्या घाटावर, एक खोली पाहिली आहे. तिची कडी बाहेरून लागते. रीत तशीच आहे. उद्या सकाळच्या गाडीने सुभानराव निघणार आहेत.

मघा एका वक्त्यांनी म्हटले, की कलावंत थोडा वेडा असायचाच. शहाण्याच्या हातून सूर लागत नाही. टाळ्या पडल्या. मी त्यांना विचारते, हे आपण कशावरून ठरवले? बारा वर्षांच्या नोंदी माझ्याकडे आहेत. ज्या काळात सुभानराव जेवत होते, झोपत होते, लोकांची नक्कल करत होते, त्याच काळात ते सर्वांत चांगले वाजवत होते. पूर्वी सतार आली की सगळे पडदे सारखे झिजलेले असत. पडदे म्हणजे दांडीवरच्या पितळी कांब्या. बोट जिथे फिरते तिथे त्या चकचकीत राहतात. परवा मी सतार उघडली. गांधाराचा एक पडदा मधोमध खोल झिजला आहे. बाकीच्यांवर कळंक चढला आहे, हिरवा, नखाने निघेल असा. ज्याला आपण साधना म्हणतो आहोत, त्यात सुभानरावांनी दोन महिन्यांत एकही राग वाजवलेला नाही. ते एकाच जागी एक तार ओढून धरतात आणि ती थांबण्याची वाट पाहतात.

हा कलेचा कळस आहे काय? मला तरी तिथे कला सापडली नाही. मला एक माणूस सापडला, ज्याला कोणी विचारले नाही की तुम्ही आजारी आहात का. ताप आला असता तर आपण त्यांना वैद्याकडे नेले असते. कानात नसलेला आवाज आला, तर आपण हार आणला.

येसूबाई मंगळवारी कारखान्यात आल्या होत्या. त्यांची परवानगी घेऊनच सांगते. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "दुर्गाबेन, तुम्हाला ऐकू येतो ना तो आवाज? मग मलाच का येत नाही? ते म्हणतात, माझ्या मनात पाप आहे." मी त्यांना खरे सांगितले. त्या बाकावर बसल्या आणि पदराचे टोक दुमडू लागल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या एका शब्दावर घरात महिनाभर मी खोटी ठरले."

आता व्यासपीठावरून चिठ्ठी आली आहे. "वेळ झाली, आवरते घ्यावे, शुभप्रसंग आहे." गणपतराव, मी आवरते घेते. एवढे बोलणे इथे आणायचे नव्हते. काल मी आपल्या घरी आले होते, आपण म्हणालात निरोपाच्या आदल्या दिवशी अपशकुन नको. म्हणून आज बोलावे लागले.

शेवटची गोष्ट. मागच्या आठवड्यात सुभानरावांनी माझ्याकडे जवारीची सर्वांत बारीक कानस मागितली. ती विणायच्या सुईएवढी असते. मी विचारले, कशाला? ते म्हणाले, तो सूर उजव्या कानात अडखळतो, वाट थोडी मोकळी करायला हवी. अगदी शांतपणे म्हणाले, घोडीविषयी बोलावे तसे. मी दिली नाही. माझ्याकडे तशा बारा कानशी आहेत. काल संध्याकाळी मोजल्या, अकरा भरल्या. सुभानराव परवा येऊन गेले होते.

मी आरोप करत नाही. मी फक्त सांगते, की उद्या ज्या खोलीची कडी बाहेरून लागणार आहे, त्या खोलीत चाळीस दिवस कोणी डोकावणार नाही.

अध्यक्षमहाराज, माझी आपल्याला एक विनंती आहे. मंडळाचा ठराव आजच्या सभेत, या क्षणी, स्थगित करावा. सतार माझ्याकडे राहील. महोत्सवात दुसरे कोणी वाजवील. बडोद्यात वादकांची वाण नाही. सुभानरावांना आधी डॉक्टरांनी पाहावे, आणि तोवर त्यांच्याजवळ कोणीतरी बसावे. त्यांच्या सामानाची पेटी बाहेर व्हरांड्यात आहे. ती येसूबाईंनी आता उघडून पाहिली तर कोणी त्यांना अडवू नये.

मंडळाने मला बोलायची संधी दिली, त्याबद्दल मी आभारी आहे. आपण सर्वांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले, त्याबद्दल अधिक. मंगल प्रसंगी जे बोलू नये ते बोलले. सभेने ते पोटात घालावे अशी अपेक्षा नाही, घातले तर उपकार.

क्षमा मला एकाच व्यक्तीची मागायची आहे. सुभानराव, त्या दुपारी मी आपल्याशी खोटे बोलले. तो सूर मी ऐकला नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. आपल्याला तो ऐकू येतो याबद्दल मला शंका नाही, म्हणूनच मला भीती वाटते. आपण माझ्यावर रागावला आहात, ते मला इथून दिसते आहे. रागवावे. वर्षानुवर्षे रागवावे. पण ते इथे बडोद्यात, चार माणसांत बसून, उघड्या दारात रागवावे.